टेलरिंगचं दुकान बुडालं, पण त्याच माणसाने अंधेरीत अख्खा मुघल दरबार शिवून घेतला

मुंबईत बादशाह अकबराचं चिलखत दोनदा आलं.

एक खरंखुरं. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रसंग्रहात अकबराचं पोलादी कवच आहे. त्यावर साल आहे 1581. छातीवरच्या पत्र्यावर धार्मिक वचनं कोरलेली आहेत, सोबत ढालही आहे.

दुसरं आलं अंधेरीत. मोहन स्टुडिओत. ते अकबराचं नव्हतं, पण लोखंडाचं होतं आणि घालणाऱ्याच्या खांद्याला ते चांगलंच कळत होतं. ते घडवून घेणाऱ्या माणसाचं नाव होतं करीमुद्दीन आसिफ. अख्खा देश त्याला के. आसिफ म्हणून ओळखतो.

'मुघल-ए-आझम'च्या गोष्टी आपण भरपूर ऐकल्यात. शीशमहाल, मधुबाला, बडे गुलाम अली खाँसाहेबांचं मानधन वगैरे. पण हा पिक्चर एका वेगळ्या नजरेनेही बघता येतो. शेकडो वर्षांपूर्वीचे कपडे आणि शस्त्रं हुबेहूब बनवायची ठरवली तर काय काय करावं लागतं, किती पैसा लागतो आणि त्याची किंमत नक्की कोण मोजतं, हे समजून घ्यायचं असेल तर आसिफ यांच्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

सुरुवात शिलाई मशीनपासून

आसिफ यांचा जन्म 14 जून 1922 चा, उत्तर प्रदेशातल्या इटावाचा. शिक्षण बेताचंच. मामा नझीर हे मुंबईत सिनेमातले नट. पोरगं मामाकडे आलं.

मामांनी भाच्याला टेलरिंगचं दुकान काढून दिलं. पण पोराचं लक्ष दुकानात कमी आणि बाहेर जास्त. काही दिवसांतच दुकानाला कुलूप लागलं.

धंदा बुडाला, पण कापड कसं पडतं, अस्तर लावल्यावर त्याला वजन कसं येतं, शिवण कुठे ताणली जाते, हे ज्याने जवळून बघितलं त्याची नजर बदलतेच. पुढे दिग्दर्शक झाल्यावर हा माणूस कपड्यांच्या बाबतीत कधीच चालवून घेणारा राहिला नाही.

1945 साली त्यांचा पहिला पिक्चर आला, 'फूल'. तेव्हा वय होतं 23. आणि 'फूल' थिएटरात लागायच्या आधीच त्यांच्या डोक्यात सलीम-अनारकली शिरले होते.

मालाडला सुरू झालं आणि फाळणीत अडकलं

सलीम-अनारकलीची गोष्ट तेव्हा घराघरात माहिती होती. लाहोरचे लेखक इम्तियाज अली ताज यांनी 1922 मध्ये त्यावर नाटक लिहिलं होतं. त्यावर मूकपटही येऊन गेला होता.

आसिफ यांना निर्माते मिळाले शिराज अली हकीम. 1946 मध्ये मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये शूटिंग सुरू झालं. अकबर होता चंद्रमोहन, म्हणजे आपल्या प्रभातच्या 'अमृतमंथन'मुळे गाजलेला, मोठ्या डोळ्यांचा नट. अनारकली होती नर्गिस.

मग फाळणी झाली. हकीम पाकिस्तानात गेले. 1949 मध्ये चंद्रमोहन वारले. पिक्चर डब्यात गेला.

दुसरा कुणी असता तर विषय सोडून दिला असता. आसिफ यांनी नवा पैसेवाला शोधला. शापूरजी पालनजी हे बांधकाम व्यवसायातलं बडं नाव. त्यांना सिनेमात रस नव्हता, पण अकबरात होता. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आता अकबर पृथ्वीराज कपूर, सलीम दिलीपकुमार, अनारकली मधुबाला आणि जोधा आपल्या दुर्गाबाई खोटे. मुक्काम पोस्ट अंधेरी, मोहन स्टुडिओ.

बेगड नको, लोखंड आणा

त्या काळी ऐतिहासिक पिक्चर किंवा नाटकाचा कपडेपट कसा असायचा? मुकुट पुठ्ठ्याचा आणि वर बेगड. तलवार लाकडी, तिला चंदेरी रंग. चिलखत म्हणजे जाड विणीचा कपडा रंगवलेला. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि खर्च वाचतो. बेगडी हा शब्द आपण उगाच नाही वापरत.

आसिफ यांना हे मान्य नव्हतं. मग एकेका वस्तूसाठी त्या त्या गावचा कारागीर गाठला गेला. कपडे शिवायला शिंपी दिल्लीचे. जरीचं भरतकाम सुरत आणि खंबायतच्या कारागिरांचं. दागिने घडवले हैदराबादच्या सोनारांनी. जोडे आग्र्याहून. ढाली, तलवारी, भाले, कट्यारी आणि चिलखतं केली राजस्थानच्या लोहारांनी. आणि मुकुट? ते कोल्हापूरच्या कारागिरांनी.

म्हणजे ज्या कामासाठी मुघलांचा स्वतःचा कारखाना असायचा, त्या कामासाठी अंधेरीच्या एका स्टुडिओने अर्धा देश कामाला लावला.

याने फरक काय पडतो? तर पडतो.

जरीच्या भरतकामात कापड चौकटीवर ताणून त्यावर कलाबतू टाक्याटाक्याने बसवावी लागते. धातूच्या तारेमुळे कापड जड होतं. जड कापडाचा घेर चालताना उडत नाही, तो मागून सावकाश येतो. बादशाहाची चाल संथ का दिसते याचं अर्धं उत्तर त्याच्या शिंप्याकडे असतं.

चिलखताचंही तसंच. त्या काळच्या चिलखतात मुख्य भाग असायचा कड्यांचा. एका लोखंडी कडीत शेजारच्या चार कड्या अडकवायच्या आणि असा हजारो कड्यांचा सदरा विणायचा. तलवारीचा वार त्यावरून घसरतो, पण जोराचा भोसका थांबेलच असं नाही. म्हणून छाती, पाठ आणि दोन्ही बगलांवर मिळून चार पोलादी पत्रे बांधायचे. याला म्हणायचे चहार-आईना, म्हणजे चार आरसे. नुसता कड्यांचा सदराच आठ-दहा किलोच्या घरात सहज जातो. त्यावर पत्रे, शिरस्त्राण आणि ढाल. सगळा भार खांद्यावर येतो, म्हणून कंबरपट्टा आवळून थोडा भार कमरेवर घ्यावा लागतो.

हे अंगावर चढवल्यावर नटाला ताठ उभं राहण्याचा अभिनय करावा लागत नाही. वाकून उभं राहताच येत नाही.

पण हे वजन कोण उचलत होतं?

इथे गोष्ट थोडी अवघड होते.

आसिफ यांनी पिक्चर तीन भाषांत करायचं ठरवलं होतं, हिंदी, तमिळ आणि इंग्रजी. म्हणजे एकच सीन तीनदा. म्हणजे तोच पोशाख, तेच चिलखत अंगावर तिप्पट वेळ. शूटिंग चाललं 500 दिवस. इंग्रजी आवृत्ती शेवटी झालीच नाही आणि तमिळ आवृत्ती आली तेव्हा चालली नाही.

पृथ्वीराज कपूर पन्नाशीला टेकलेले. जड पोशाखांचा त्यांना त्रास व्हायचा. वाळवंटातून अनवाणी चालत जाण्याच्या प्रसंगात त्यांच्या तळपायांना फोड आले.

मधुबालाचं तर त्याहून कठीण. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं आणि हे दुखणं 'मुघल-ए-आझम'च्याच वर्षांत वाढत गेलं. तुरुंगाच्या प्रसंगात अनारकलीच्या अंगावर साखळदंड आहेत. तेही आसिफ यांनी खरे लोखंडी वापरले. तिची कातडी सोलवटली. सेटवर तिला चक्कर यायची. पडद्यावर अनारकलीच्या चेहऱ्यावर जो थकवा दिसतो, तो सगळाच मेकअपचा नाही. 1969 मध्ये ती गेली तेव्हा ती फक्त 36 वर्षांची होती.

बेड्यांमुळे ती गेली असं म्हणणं चुकीचं ठरेल, तो आजार जन्माचा होता. पण हलक्या धातूच्या बेड्या वापरल्या असत्या तर प्रेक्षकाला कळलं असतं का, हा प्रश्न उरतोच. मुकुट खरा असला तर नटाची मान ताठ राहते. बेडी खरी असली तर आजारी बाईचं मनगट सोलतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आसिफ यांनी त्यांच्यात फरक केला नाही.

लढाईच्या प्रसंगासाठी 2,000 उंट, 400 घोडे आणि 8,000 सैनिक उभे केले गेले. हे सैनिक भारतीय लष्कराचे होते, त्यासाठी संरक्षण मंत्रालयाची परवानगी घ्यावी लागली. त्या काळी कॉम्प्युटरवर गर्दी वाढवण्याची सोय नव्हती. जेवढे सैनिक दिसायला हवेत, तेवढ्यांच्या अंगावर पोशाख चढवावाच लागायचा.

मग सगळं इतिहासाला धरून होतं का?

नव्हतं. आणि हीच या गोष्टीतली सगळ्यात मजेशीर बाब.

कपडे, शस्त्रं, दागिने यांच्यासाठी एवढा आटापिटा करणाऱ्या पिक्चरची नायिकाच दंतकथेतली आहे. अकबराच्या दरबारी इतिहासात अनारकलीची प्रेमकहाणी नाही. सलीमच्या आईचा जोधा या नावाने उल्लेख समकालीन ग्रंथांत सापडत नाही, तिथे मरियम-उझ-झमानी ही पदवी आहे.

शीशमहालाचंही तसंच. मोहन स्टुडिओतला हा सेट 150 फूट लांब, 80 फूट रुंद आणि 35 फूट उंच होता. काचकाम केलं फिरोजाबादच्या कारागिरांनी, काच आली बेल्जियमहून आणि काम चाललं दोन वर्षं. खर्च 15 लाखांच्या वर, एवढ्यात तेव्हा अख्खा पिक्चर व्हायचा. पण हा सेट ज्याच्यावरून बेतला, तो लाहोर किल्ल्यातला शीशमहाल बांधला शाहजहानने 1631 च्या सुमारास. अकबर 1605 मध्येच वारला होता. नातवाच्या महालात आजोबांसमोर नाच झाला!

कपड्यांतही सगळं काटेकोर नव्हतं. अकबराच्या काळातल्या चित्रांत घेराला टोकं असलेला चाकदार जामा, कमरेला पटका आणि डोक्याला घट्ट, लहानशी पगडी दिसते. मधुबालाच्या भुवया आणि केशरचना मात्र पक्क्या पन्नासच्या दशकातल्या. आज उपनगरातल्या कुठल्याही कपड्यांच्या दुकानात अनारकली म्हणून जो घेरदार ड्रेस मिळतो, त्याच्या नावामागेही इतिहासातली कुणी बाई नाही, हीच दंतकथा आहे.

मग आसिफ चुकले का? हुबेहूब असणं दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे त्या काळात ही वस्तू अशीच होती का. दुसरं म्हणजे त्या काळात ज्या पद्धतीने आणि ज्या धातूने ती घडायची, तशीच ती घडवली का. पहिल्या परीक्षेत 'मुघल-ए-आझम' बऱ्याच ठिकाणी नापास होतो. दुसरीत त्याला पैकीच्या पैकी मार्क आहेत.

16 वर्षांनी मराठा मंदिर

दरम्यान 1953 मध्ये गोरेगावच्या फिल्मिस्तानने 'अनारकली' काढून रिलीजही केला. बीना राय आणि प्रदीपकुमारची जोडी. पिक्चर तुफान चालला. तीच गोष्ट, दोन-तीन स्टेशनं पलीकडे, कितीतरी कमी खर्चात! आसिफ तरीही थांबले नाहीत.

पुढे रंगीत फिल्म आली तेव्हा त्यांनी काही भाग रंगीत केला. तो इतका आवडला की त्यांना सगळा पिक्चर पुन्हा रंगीत करायचा होता. वितरकांनी हात जोडले. त्यामुळे सुरतेच्या त्या जरीचा सोनेरी रंग बहुतेक प्रसंगांत पडद्यावर दिसलाच नाही. दिसली ती फक्त चमक.

5 ऑगस्ट 1960 ला मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात पिक्चर लागला. रिळांचे डबे सजवलेल्या हत्तीवरून आले. खर्च एक ते दीड कोटी झाला होता आणि कमाईचा विक्रम 'शोले' येईपर्यंत, म्हणजे 15 वर्षं, कुणी मोडला नाही.

आसिफ यांनी पुन्हा तसाच घाट घातला. लैला-मजनूवरचा 'लव्ह अँड गॉड', पूर्ण रंगीत. नायक गुरुदत्त 1964 मध्ये गेले. मग संजीवकुमारला घेऊन पुन्हा पहिल्यापासून. 9 मार्च 1971 ला आसिफच गेले, वय 48. अर्धवट राहिलेला पिक्चर 1986 मध्ये तसाच लागला, तोवर संजीवकुमारही राहिले नव्हते.

आज शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी बोरिवली-मुलुंडमधली पोरं मावळ्याचा पोशाख शोधतात, तेव्हा त्यांच्यासमोर तोच प्रश्न असतो. भाड्याचा चमकी कपडा घ्यायचा, की वजनदार चिलखत घडवून घ्यायचं? आणि घडवलं, तर भर उन्हात चार तास ते घालून चालणार कोण? निवड करायच्या आधी ते अंगावर घालून दहा मिनिटं उभं राहून बघावं. आणि शक्य झालं तर फोर्टला जाऊन ते 1581 चं कवचही एकदा बघून यावं.

अंधेरीतला तो शीशमहाल आता फक्त पडद्यावर उरलाय.