घारापुरीची लेणी कुणाची? नाण्यांच्या मदतीने उत्तर शोधणारे वा. वि. मिराशी

न्हावा शेवा म्हटलं की आठवतात कंटेनर आणि उंच क्रेन. या बंदरासमोरच पाण्यात घारापुरी बेट आहे. तिथली शिवलेणी जगप्रसिद्ध आहेत, पण ती कोरवून घेतली कुणी? लोक पांडवांचं नाव घेत, कुणी बाणासुराचं. तिथला शिलालेख पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात मायदेशी नेला आणि तो हरवला.

या प्रश्नाच्या उत्तराची वाट दाखवली महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी.

मिराशींचा जन्म १३ मार्च १८९३ चा, देवगड तालुक्यातल्या कुवळे गावचा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते संस्कृत शिकवायचे. संस्कृत वाचता वाचता ते ताम्रपट, शिलालेख आणि नाण्यांकडे वळले.

महाराष्ट्रात अनेक ठिकाणी एक लहान चांदीचं नाणं सापडतं. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला नंदी आणि कृष्णराज हे नाव. पण हा कृष्णराज कोणता? आधीच्या अभ्यासकांनी हे नाणं राष्ट्रकूटांचं मानलं होतं. अडचण अशी, की वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर आहे तो राष्ट्रकूट कृष्ण आठव्या शतकातला, आणि नाण्यावरच्या अक्षरांचं वळण त्याहून जुनं, सहाव्या शतकातलं!

मिराशींनी ताम्रपटांशी ताळा जुळवला. नाशिक जिल्ह्यात अभोण्याला सापडलेल्या ताम्रपटात कलचुरी राजा शंकरगणाने आपले वडील कृष्णराज शिवभक्त असल्याचं नोंदवलं आहे. नाण्यावरचा राजाही स्वतःला परममाहेश्वर म्हणवतो. काळ, नाव, भक्ती, सगळं जुळलं. नाणं कलचुरींचं ठरलं.

त्या काळात कोकणावर सत्ता असलेला हा शिवभक्त राजवंश. मग घारापुरीची लेणीही त्यांच्याच काळातली असावीत, असं मत मिराशींनी मांडलं. बेटावरच मिळालेल्या कृष्णराजाच्या तांब्याच्या छोट्या नाण्यांनी त्याला बळ दिलं. कारागिरांची मजुरी याच नाण्यांत दिली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. आज बहुतेक अभ्यासक लेण्यांचा काळ सहावं शतक मानतात.

कलचुरींच्या लेखांचा मिराशींनी संपादित केलेला ग्रंथ १९५५ साली आला. नंतर वाकाटक आणि शिलाहारांच्या लेखांचे खंडही त्यांनी केले. शिलाहारांचा आला तेव्हा ते ८४ वर्षांचे होते! १९७५ साली पद्मभूषण मिळालं, १९८५ साली ते गेले.

पुढच्या वेळी घारापुरीच्या बोटीत बसाल, तेव्हा नंदीचं ते इवलंसं नाणं नक्की आठवा.