रक्ताची वाट दाखविणारे एगास मोनिझ

विद्यानगरमधील एखाद्या रुग्णाला रक्तवाहिन्यांच्या एम.आर.आय.साठी पाठविले, तर पुष्कळदा त्याच्या शिरेत कॉन्ट्रास्ट नावाचे द्रव्य टोचतात. त्यामुळे रक्ताची वाट चित्रात उजळून दिसते. जिवंत माणसाच्या मेंदूतील ही वाट प्रथम पाहणारे डॉ. एगास मोनिझ यांचे चरित्र उद्बोधक आहे.

त्यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८७४ रोजी पोर्तुगालमधील आवांका या गावी झाला. कोइंब्रा येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते १९११ साली लिस्बनला मज्जारोगांचे प्राध्यापक झाले. मध्यंतरी राजकारणात शिरून १९१८ मध्ये ते परराष्ट्रमंत्रीही झाले. गोव्याच्या कांदोळीत जन्मलेल्या आबे फारियांवर त्यांनी १९२५ साली ग्रंथ लिहिला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

क्ष-किरणांनी कवटी दिसे, पण आतली गाठ दिसत नसे. मोनिझ यांनी विचार केला, की गाठीमुळे रक्तवाहिन्या बाजूला सरकत असणार. त्या दिसल्या, तर गाठीची जागा कळेल. गाऊटमुळे त्यांचे हात वाकडे झाले होते, म्हणून टोचण्याचे काम सहकारी करीत. प्रारंभी वापरलेल्या स्ट्रॉन्शियम ब्रोमाइडने एक रुग्ण दगावला. मोनिझ यांनी ते द्रव्य सोडले आणि सोडियम आयोडाइड घेतले. २८ जून १९२७ रोजी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे स्पष्ट चित्र मिळाले.

पुढे १९३१ पासून त्यांनी थोरोट्रास्ट वापरले. चित्रे सुरेख येत, रुग्णाला त्रासही होत नसे. परंतु त्यातील थोरियम किरणोत्सर्गी होते. ते यकृतात कायमचे साचून राही आणि अनेकांना वर्षांनंतर कर्करोग झाला.

मनोविकारांवरील मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या शस्त्रक्रियेने पुढे असंख्य रुग्णांचे नुकसान केले; हा त्यांच्या कीर्तीवरील डाग होय. १३ डिसेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

एम.आर.आय.मध्ये क्ष-किरणांऐवजी चुंबक असतो, म्हणून द्रव्येही निराळी लागतात. १९८८ पासून गॅडोलिनियमची औषधे प्रचारात आली. मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा त्यांमुळे कठीण होते, हे २००६ मध्ये उघडकीस आले. नंतरची औषधे अधिक सुरक्षित आहेत. तरीही अशा रुग्णांसाठी काही डॉक्टर लोहाचे फेरुमॉक्सिटॉल वापरतात. मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या पंडुरोगावर अमेरिकेत २००९ साली मान्य झालेले हे औषध रक्तात बराच काळ टिकते, आणि त्यातील लोह शरीर हळूहळू आपल्या साठ्यात घेते. क्वचित त्याची जीवघेणी ॲलर्जी येते, म्हणून ते सावकाश, रुग्णावर लक्ष ठेवून द्यावे लागते.

मित्रहो, चित्र स्पष्ट आले एवढ्याने डॉक्टरचे काम संपत नाही. चित्र निघाल्यावर ते द्रव्य शरीरात कोठे जाते, हेही विचारले पाहिजे. मोनिझ यांच्या यशाइतकाच त्यांच्या चुकांचा हा धडा मोलाचा आहे.