पार्ट मिळत नाही? लक्ष्मणराव किर्लोस्करांकडून शिका

ऐन हळदीच्या हंगामात हिंगोलीत काकांचा जुना ट्रक उभा. फॅनबेल्ट तुटलेला, पुली झिजलेली, मॉडेल बंद. ऑनलाइन शोधून थकलो, तेव्हा मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले.

जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातला. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग ओळखता येईनात. मग यांत्रिक ड्रॉइंग धरलं. मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवलं, यंत्रं खोलून-जोडून समजून घेतली. बढती डावलली, तशी नोकरी सोडली. बेळगावात सायकली विकल्या, कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी दोन वर्षं तो घेईनात. तरी ते मागे हटले नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. १९५६ मध्ये ते गेले.

त्यांच्याकडून मी एवढंच घेतलं: मॉडेल नको, माप शोधा. बेल्टवर 'एव्ही १३ × १०२५' होतं. म्हणजे रुंदी १३ मिमी, लांबी १०२५ मिमी. त्या मापाचा बेल्ट मिळाला. पुलीचा व्यास, भोक, खाचेचा कोन मोजून कागदावर काढला. लेथवाल्याने करून दिली. ट्रक सुरू झाला.