पाण्याच्या धारेतून वळलेला प्रकाश : जॉन टिंडल

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, ‘टिंडल परिणाम’ आपण दरवर्षी शिकवतो. पण हे टिंडल कोण, असं एखाद्या मुलानं विचारलं तर?

जॉन टिंडल यांचा जन्म १८२० साली आयर्लंडच्या कार्लो परगण्यात झाला. वडील साधे पोलीस शिपाई. जमीनमोजणीची नोकरी करून टिंडल पुढे इंग्लंडमध्ये शाळामास्तर झाले. आणि वयाच्या २८ व्या वर्षी, साठवलेले पैसे घेऊन, थेट जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठात शिकायला गेले! १८५३ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. तिथे मायकेल फॅरेडे त्यांचे ज्येष्ठ सहकारी होते.

१८५४ मध्ये त्यांनी लोकांसमोर एक प्रयोग दाखवला. टाकीच्या छिद्रातून पाण्याची धार सोडली आणि मागून प्रकाश टाकला. धार खाली वळली, तसा आतला प्रकाशही तिच्याबरोबर वळत गेला. हेच आपलं पूर्ण आंतरिक परावर्तन. प्लास्टिकची बाटली आणि टॉर्च घेऊन, अंधाऱ्या खोलीत तुम्हीही करून बघा. (लेसर वापरणार असाल तर मुलांचे डोळे सांभाळा.)

पण एक गोष्ट वर्गात जरूर सांगा. जिनिव्हाचे डॅनियल कोलाडोन यांनी हा प्रयोग टिंडल यांच्याआधी, १८४१ च्या सुमारास केला होता. श्रेय मात्र बहुतेक पुस्तकांत टिंडल यांनाच मिळतं.

आजचे ऑप्टिकल फायबर याच तत्त्वावर चालतात. फोटॉनिक क्रिस्टल फायबरची गंमत त्याहून वेगळी. त्याच्या काचेत लांबीभर अतिशय बारीक छिद्रांची नियमित जाळी असते. काही ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाला ही जाळी बाहेर जाऊच देत नाही. त्यामुळे मधला भाग पोकळ ठेवला तरी प्रकाश त्या हवेतूनच पुढे जातो. टिंडलांच्या धारेत नेमकं उलटं होतं : प्रकाश पाण्यात, हवा बाहेर.

टिंडलांना निद्रानाशाचा त्रास होता, त्यासाठी ते क्लोरल घेत. डिसेंबर १८९३ मध्ये पत्नी लुईसा यांच्या हातून दुसऱ्या औषधाऐवजी चुकून क्लोरलचाच मोठा डोस दिला गेला आणि ते गेले. त्यानंतर सुमारे ४७ वर्षं लुईसाबाई पतीच्या चरित्रासाठी पत्रं आणि कागद गोळा करत राहिल्या. १९४० मध्ये त्या वारल्या. चरित्र छापून आलं १९४५ मध्ये, दुसऱ्यांच्या हातून.