सलीम अली

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली (जन्म : १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई, मृत्यू : २० जून १९८७, मुंबई) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ होते. पक्षी हाती न घेता, रूप आणि आवाजावरून ओळखण्याची वाट त्यांनी सामान्य वाचकांना खुली करून दिली.

बालपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या कंठाची चिमणी कोणती, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी ती ओळखली व त्यांना संग्रहातील पक्षी दाखवले. विद्यापीठाची पदवी नसतानाही पुढे त्यांनी बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली प्रशिक्षण घेतले.

१९३० मध्ये ते परतले, तेव्हा निधीअभावी त्यांचे मुंबईच्या संग्रहालयातील पद रद्द झाले होते. या बेकारीत त्यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर घरटे अर्धे विणतो आणि मादीने ते पसंत केल्यावरच पूर्ण करतो, हे त्यांनी नोंदवले. त्यानंतर केवळ खर्चापुरते पैसे घेऊन त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. परभणी जिल्हा तेव्हा याच संस्थानात होता.

‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे त्यांचे पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अनोळखी पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, मैना, कावळा अशा परिचित पक्ष्यांशी ताडून दिला असून रंग, आवाज व सवयींचेही वर्णन आहे. त्यामुळे प्रयोगशाळेशिवायही पक्ष्यांची ओळख शक्य झाली. डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ (१९६८–७४) लिहिला. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.