पाठीवर हवा बांधणारा माणूस

सेमिस्टर संपली की ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. मालवणला जायचं का? मग रात्रभराचा प्रवास, सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नाहीतर तारकर्लीला बोट, आणि डोक्यात आधीच ठरलेलं अंडरवॉटर रील. बोटीवरचा दादा तुमच्या पाठीवर सिलिंडर चढवतो, पट्टे खेचतो, बक्कल लावतो. तुमचं सगळं लक्ष मात्र कॅमेऱ्याकडे!

पुढच्या वेळी त्या पट्ट्यांकडे जरा नीट बघा. कारण आज ज्या माणसाची गोष्ट सांगतोय, तो एकदा केवळ कमरेचा पट्टा झटक्यात सुटला म्हणून जिवंत राहिला होता. त्याचं नाव जॅक कुस्तो.

कुस्तोचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या एका छोट्या गावात झाला. समुद्र वगैरे सुरुवातीला डोक्यात नव्हतं. नौदलात शिरला तो वैमानिक व्हायचं म्हणून. पण १९३६ मध्ये मोटारीचा भीषण अपघात झाला, हातांना जबर दुखापत झाली आणि विमानाचं स्वप्न तिथेच संपलं. हातात ताकद यावी म्हणून तो तुलाँच्या समुद्रात रोज पोहायला लागला. फिलिप तायेझ या नौदलातल्या मित्राने त्याला पाण्यात घालायचा चष्मा दिला. कुस्तोने डोकं पाण्याखाली घातलं आणि पुढचं सगळं आयुष्य बदललं. तुमच्या वयापेक्षा तो तेव्हा फार मोठा नव्हता, जेमतेम २६ वर्षांचा!

आता अडचण एकच होती, ती श्वासाची. दम रोखून किती वेळ राहणार? त्या काळी पाणबुडे जड शिरस्त्राण घालून, बोटीतून येणाऱ्या नळीला बांधलेले असत. कुस्तोला मोकळं पोहायचं होतं. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्याने शुद्ध ऑक्सिजनवर चालणारं उपकरण करून घेतलं. जास्त दाबाखाली ऑक्सिजनच विषासारखा वागतो, हे त्याला नीट ठाऊक नव्हतं. साधारण १४ मीटर खोलीवर त्याचे ओठ थरथरायला लागले, पाठ धनुष्यासारखी वाकली. शुद्ध हरपण्याआधीच्या त्या क्षणात त्याने कमरेचा शिशाच्या वजनांचा पट्टा ओढून काढला. वजन गेलं आणि शरीर आपोआप वर आलं. पट्टा अडकला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. गडी थांबला का? नाही! उपकरणात सुधारणा करून तो पुन्हा उतरला, पुन्हा झटके आले, आणि यावेळी तर थोडक्यात बचावला. मग मात्र त्याने ऑक्सिजनचा नाद सोडला.

उत्तर सापडलं ते पॅरिसमध्ये. १९४२ चा डिसेंबर होता. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, पेट्रोलची टंचाई. एमिल गान्याँ नावाचा इंजिनिअर गाड्या गॅसवर चालवण्यासाठी एक झडप बनवत होता. लागेल तेवढाच गॅस सोडणारी झडप. कुस्तोला नेमकं हेच हवं होतं. श्वास ओढला की तेवढीच हवा मिळाली पाहिजे, तीही आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची.

काही आठवड्यांत दोघं पॅरिसजवळच्या मार्न नदीवर पोचले. जानेवारीचं गारठलेलं पाणी. कुस्तो आडवा पोहला, तर हवा झकास येत होती. उभा राहिला, तर हवा भसाभसा वाया जायला लागली. डोकं खाली केलं, तर श्वासच ओढवेना. दोघं खट्टू होऊन परत निघाले, पण वाटेतच चूक सापडली. हवा आत येण्याची जागा आणि उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा यांत सुमारे १५ सेंटिमीटरचं अंतर होतं. उभं राहिलं की एक वर, एक खाली. एवढ्याशा फरकानेही पाण्याचा दाब बदलतो आणि झडप फसते. दोन्ही जागा शेजारी शेजारी आणल्या आणि प्रश्न सुटला.

इथे पट्ट्यांचं महत्त्व लक्षात घ्या. तेव्हा हा रेग्युलेटर तोंडाशी नव्हता, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये असायचा. सिलिंडर सैल बांधला आणि पाठीपासून वर तरंगला, तर रेग्युलेटर फुफ्फुसांपेक्षा वर जातो आणि प्रत्येक श्वासाला जोर लागतो. म्हणजे पट्टे किती घट्ट, सिलिंडर किती उंचीवर, यावर श्वास ठरायचा.

जून १९४३. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर कुस्तोच्या पाठीवर तीन सिलिंडरचा संच बांधला गेला. मदतीला लागलंच तर उडी मारायला मित्र फ्रेडरिक द्युमा किनाऱ्यावर सज्ज. बायको सिमोन पाण्यावर तरंगत वरून लक्ष ठेवून. कुस्तो सुमारे १८ मीटर खाली गेला, कोलांट्या उड्या मारल्या, उलटा झाला. हवा तशीच येत राहिली. येताना त्याने गुहेतून लॉबस्टरही आणले. युद्धाच्या उपासमारीत ती केवढी मोठी मेजवानी!

पुढचं यश जगाला माहीत आहे. कॅलिप्सो हे जहाज, १९५६ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च मान मिळवणारी ‘द सायलेंट वर्ल्ड’ ही फिल्म, मग टीव्हीवरच्या मालिका. पण चुकाही झाल्याच. १९४६ मध्ये एका झऱ्याच्या खोल गुहेत तो आणि द्युमा मरता मरता वाचले, कारण सिलिंडर भरताना कॉम्प्रेसरचा स्वतःचाच धूर हवेत मिसळला होता. फिल्मसाठी त्याच्या टीमने प्रवाळ स्फोटकांनी उडवलं, शार्क मारले. त्यावर पुढे टीका झाली. नंतरच्या आयुष्यात मात्र तोच माणूस समुद्र वाचवायला जगभर फिरला. १९७९ मध्ये विमान अपघातात मुलगा फिलिप गेला, तरी काम थांबलं नाही. २५ जून १९९७ रोजी, ८७ व्या वर्षी कुस्तो गेला.

आज ट्राय डाइव्हला बहुतेक ठिकाणी फुगणारं जॅकेट मिळतं. पण कोर्स करून पुढे गेलात, तर बॅकप्लेटशी गाठ पडेल. ही पाठीच्या आकाराची धातूची प्लेट, तिच्या खाचांतून ओवलेली साधारण ५ सेंटिमीटर रुंद पट्टी. स्टीलची प्लेट अडीच-तीन किलोची, अ‍ॅल्युमिनियमची त्याच्या निम्म्याहूनही हलकी. आपल्याकडच्या कोमट पाण्यात, पातळ सूट घालून, बऱ्याचदा हलकी प्लेट पुरते.

पट्टे लावताना राजगडाला जाताना सॅक कशी बांधता ते आठवा. फक्त एक फरक आहे. सॅकमध्ये खांद्याचे पट्टे खेचले जातात, इथे ते थोडे सैल हवेत. आपला पंजा सहज आत गेला पाहिजे आणि हात डोक्यावर नेता आले पाहिजेत. कमरपट्टा मात्र नीट बसलेला. मांड्यांमधून येणारा पट्टा इतकाच आवळायचा की प्लेट डोक्याकडे सरकणार नाही, आणि बसता-वाकताही येईल. सिलिंडर इतक्या उंचीवर हवा की मागे हात नेल्यावर त्याची चावी स्वतःला फिरवता येईल, पण डोकं वर उचलताना तो मागे आदळता कामा नये. सूट घालूनच माप घ्यायचं, टीशर्टवर नाही. आणि शेवटी डोळे मिटून एका हाताने बक्कल उघडून बघायचं. जमलं नाही, तर पाण्यात उतरायचं नाही.

मालवणच्या बोटीवर मागे रांग असते, घाई असते, सांगायला संकोच वाटतो. तरीही सांगा. दादा, हा पट्टा टोचतोय, हे बक्कल कसं उघडतं, एकदा दाखवा. तेवढी दोन मिनिटं थांबा. रील त्यानंतरही होईल.