क्रमांक बदलले, शिकवण टिकली

वैमानिक होण्यासाठी गेलेल्या वेर्नर म्योल्डर्स या तरुण जर्मन अधिकाऱ्याला पहिल्याच तपासणीत अपात्र ठरवण्यात आले. दुसऱ्या खेपेस निवड झाली. पण विमान वर गेले की त्याला मळमळे, ओकाऱ्या होत. तरीही तो उडत राहिला आणि हळूहळू शरीर सरावले.

म्योल्डर्सचा जन्म १८ मार्च १९१३ रोजी गेल्सेनकिर्शेन येथे झाला. शिक्षक असलेले वडील १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात कामी आले. १९३१ मध्ये तो पायदळात छात्र म्हणून दाखल झाला आणि पुढे हवाई दलात गेला.

व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी हवाई दल ठेवण्याची बंदी होती. १९३५ मध्ये हिटलरच्या सरकारने ती उघडपणे झुगारली आणि लढाऊ विमानांचे ताफे भराभर उभे राहू लागले. मार्च १९३७ मध्ये ३३४ क्रमांकाच्या नव्या ताफ्यातील पहिली तुकडी म्योल्डर्सकडे आली. वीसबाडेन हा तिचा तळ. फेररचनेत नोव्हेंबर १९३८ मध्ये ताफ्याचा क्रमांक १३३ झाला आणि १ मे १९३९ रोजी ५३.

दरम्यान १९३८ मध्ये म्योल्डर्स स्पेनच्या यादवी युद्धात होता, फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन काँडोर लीजनमध्ये. तोवर तीन विमाने बाणाच्या टोकासारखी खेटून उडत. वैमानिकाचे निम्मे लक्ष शेजाऱ्याला धडक बसू नये याकडेच असे. मग शत्रूवर नजर कोण ठेवणार? म्योल्डर्स व त्याच्या सहकाऱ्यांनी ही रचना मोडली. आता दोघांची जोडी झाली: एकाने हल्ला करायचा, दुसऱ्याने त्याची पाठ राखायची. अशा दोन जोड्या मोकळे अंतर ठेवून उडत. छात्रमित्रांनो, हात उपडा धरून पाहा. अंगठा सोडून उरलेल्या चार बोटांची टोके, तीच ती चार विमाने!

मार्च १९३९ मध्ये तो वीसबाडेनला आपल्या जुन्या तुकडीवर परतला. दोनच महिन्यांत तिचा क्रमांक पुन्हा बदलला; स्पेनमध्ये मिळालेली शिकवण मात्र टिकली. पुढे ब्रिटिश हवाई दलानेही हीच रचना उचलली.

जुलै १९४१ मध्ये शंभर हवाई विजयांचा टप्पा गाठणारा तो जगातील पहिला वैमानिक ठरला. २२ नोव्हेंबर १९४१ रोजी एका सहकाऱ्याच्या अंत्यसंस्काराला निघाला असता ब्रेस्लाऊ येथे विमान कोसळले. त्यात तो केवळ प्रवासी होता. वय २८.

युद्धानंतरच्या जर्मन हवाई दलाने एका ताफ्याला त्याचे नाव दिले. पण काँडोर लीजनमधील सहभागामुळे २००५ मध्ये ते काढून टाकले. त्याची चिकाटी आणि साथीदाराची पाठ राखण्याची शिस्त आपण जरूर घ्यावी. पण सैनिकाचे कौशल्य कोणाच्या कामी आले, हाही हिशेब इतिहास मांडतोच.